उलटं करून बघणारा हॅनली

चहा घेणार का, असं विचारलं की डेनिस हॅनली आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा, मग कपाकडे, आणि मग म्हणायचा, "का? काय झालं?" चहा द्यायला आधी काहीतरी घडावं लागतं अशी त्याची ठाम समजूत होती. आमच्या यार्डाचा फोरमन साळवी, राजापूरकडचा, स्वतःच्या हाताने चहा करायचा आणि तो नाकारलेला त्याला अजिबात खपत नसे. पहिल्या दिवशी हॅनली "नको" म्हणाला. साळवीने पुन्हा विचारलं. "नको, खरंच नको." साळवीने तिसऱ्यांदा कप पुढे केला, तेव्हा त्याने तो घेतला आणि एका दमात संपवला.

"मॅडम, ह्यो गोरो आपल्यातलो वाटता," साळवी मला म्हणाला. "नको म्हणता, पण घेता."

मला मात्र तिथेच शंका आली. इतकी वर्षं दुबईत काढली होती. गोरा माणूस नको म्हणाला की त्याला नकोच असतं, आणि हो म्हणाला की तो हातातला कप हिसकावून घेतो. तीनदा आग्रह करून घेणारा गोरा मी पाहिला नव्हता. हे नाटक कशासाठी, असं माझ्या मनात आलं.

मी काही भोळीभाबडी नाही. दूध उतू गेलं तरी त्यामागे कुणाचा हात आहे ते मी शोधते, असं माझे यजमान प्रभाकर म्हणतात. रास अल खोरच्या त्या यार्डात आमच्या कंपनीची क्रेन आणि बाकी अवजड मशिनरी असायची. मी तिथल्या स्टोअर्सच्या ऑफिसात होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हॅनली प्लांट मॅनेजर म्हणून आला, उंच, थोडा वाकलेला, हात एवढे मोठे की फोनचा रिसीव्हर त्यात दिसायचाच नाही. आमच्यासाठी सगळे गोरे इंग्रज. कॅशियर फर्नांडिसने त्याला विचारलं, "लंडनला तुमचं घर कुठे?"

"मी इंग्रज नाही."

"मग?"

"आयरिश."

"तेच की," फर्नांडिस म्हणाला.

पण खरी पंचाईत अशी होती की त्याला काहीही विचारलं तर उत्तर मिळत नसे, उलट प्रश्नच यायचा. सुट्टीवर कधी जाणार? "का, मी गेलेला हवाय?" मुलंबाळं किती? "कोण विचारतंय?" स्वतःबद्दल एक अक्षर नाही, आणि दुसऱ्याच्या मात्र सात पिढ्या काढायचा. तुमच्या गावातून इथे पहिला कोण आला? त्याने मग कुणाला आणलं? साळवीशी तर तासन् तास हेच. साळवी खूश, कारण त्याने स्वतःच्या वाडीतले बरेच जण यार्डात चिकटवले होते. "मैं कुवेत में उतरा ना साब, तो बाहर हमारे वाडी का आदमी खडा था," असं तो छाती फुगवून सांगायचा. मी साळवीला बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, कशाला सगळं सांगता? उद्या छाटणी निघाली की तुमचीच माणसं आधी जातील." साळवी गोरामोरा झाला. पुढे कुणाला काढलं नाही, पण माझा संशय त्यामुळे कमी झाला नाही.

संशयाच्या बाबतीत हॅनली माझा बाप होता, हेही सांगायला हवं. शारजातल्या रोल्लाहून एक स्पेअर पार्टवाला खजुराचा मोठा डबा घेऊन आला. हॅनलीने डबा उघडून आधी त्यालाच खायला लावला आणि तो चावतोय का नुसता तोंडात धरून बसलाय ते बघत राहिला. क्रेनची वायर रोप नवी आहे, तपासून आलीय, असं कितीही सांगितलं तरी हा एक जुना सुती फडका घेऊन रोपवर हात फिरवत जायचा. एखादी तार तुटलेली असली की फडका अडकायचा. साइटवरून "यल्ला, यल्ला", लवकर पाठवा, म्हणून फोन येत असायचे, प्रोजेक्टवाले शिव्या घालायचे, आणि हा उन्हात उभा राहून रोप पुसतोय. एकदा फडका खरंच अडकला, पुन्हा पुन्हा अडकला. ती रोप परत गेली. काही झालं नाही, म्हणून कुणी त्याचे आभारही मानले नाहीत. त्याला ते अपेक्षितही नव्हतं.

मग त्याचा तो दुसरा प्रश्न सुरू झाला. यार्डात कुणी शिकलेला भारतीय आला की हॅनली सहज विचारल्यासारखं विचारायचा, "शाळेत नन्स होत्या का? कुठल्या? कशा होत्या?" फर्नांडिसने ताबडतोब सांगून टाकलं की त्याच्या मावशीला एका आयरिश ननने शिकवलंय, अगदी देवमाणूस.

"चिडायची का?" हॅनलीने विचारलं.

"कधीच नाही, सर. नेव्हर."

हॅनली उठून निघून गेला. फर्नांडिसला कळेना आपलं काय चुकलं.

घरी मी हे सांगितल्यावर प्रभाकर एकदम सावध झाले. "हा मिशनरी असणार. कंपनीच्या नावाखाली येतात हे लोक. इथे धर्मप्रचार सापडला तर खलास, थेट विमानात. तुला विचारलं तर सांग, मराठी शाळेत होते." मला ते पटलं. मी नाशिककडच्या एका छावणीच्या गावात वाढले आणि तिथल्या नन्सच्याच शाळेत शिकले होते, पण हे हॅनलीला सांगायचं नाही असं मी ठरवून टाकलं.

माझी विकेट काढली ती पाण्याच्या जगने. रास अल खोरला वारा सुटला की टेबलावर वाळूचा थर बसतो. म्हणून मी जगवर क्रोशाचं झाकण ठेवायची, कडेला निळे मणी लावलेलं, आपल्याकडे घरोघरी असतं तसं. मधोमध एक गुलाब होता, उठावदार, पाकळ्यांवर पाकळ्या. हॅनली एका गॅस्केटची चौकशी करायला आला आणि बोलता बोलता थांबला. त्याने झाकण उचललं. कुणीही असं झाकण वरून बघून छान म्हणतं. त्याने ते उलटं केलं आणि मागची बाजू खिडकीच्या उजेडात धरली. त्या गुलाबाची शेवटची रांग उलट्या बाजूने विणलेली असते, त्यामुळे पाकळी वर उचलली जाते. ते बघायचं तर उलटंच करावं लागतं. हे या माणसाला कसं माहीत?

"कुणी केलंय?"

"का?"

"कुणी शिकवलं?"

"तुम्हाला गॅस्केट हवं होतं ना?"

त्याने झाकण परत जगवर ठेवलं. मग तो म्हणाला, "मिसेस कर्णिक, शुक्रवारी मी तुमच्या घरी आलो तर तुमच्या मिस्टरांची हरकत असेल का?" इतक्या वर्षांत कुठल्याही साहेबाने असं विचारलं नव्हतं. नाही म्हणायला कारण सुचेना.

शुक्रवारी तो आमच्या अल कुसैसच्या फ्लॅटवर आला, बिस्किटांचा डबा घेऊन. प्रभाकर पेपर उघडून त्याच्या समोरच बसले, म्हणजे पेपराच्या वरून नजर ठेवता येईल. मी चहा आणला. तो नको म्हणाला. पुन्हा विचारलं, तरी नको. तिसऱ्यांदा मी मुद्दामच विचारलं नाही, कप नुसता त्याच्यापुढे ठेवला.

"तो गुलाब माझ्यासमोर कराल?"

"कशासाठी?"

"आधी करा. मग सांगतो."

प्रभाकरांनी पेपर खाली घेतला. मला रागच आला होता. हा कोण माझी परीक्षा घेणार? पण परीक्षा म्हटली की माझा हात शिवशिवतो. सुई-दोरा घेऊन मी सोफ्यावर बसले. मधली गोळी भरली, पहिल्या पाकळ्या काढल्या. हॅनली माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता, त्याची नजर हातावर होती. दुसऱ्या रांगेवर असताना दाराची बेल वाजली. शेजारच्या मिसेस नायर विरजण मागायला आल्या होत्या. मुलीने, मुग्धाने, दार उघडलं, "आई, आंटी वॉन्ट्स कर्ड," म्हणून ओरडली. मी उठून विरजण दिलं, दोन शब्द बोलले आणि परत येऊन बसले.

"विणकाम कुठे आहे?" हॅनलीने विचारलं.

मी बघितलं. विणकाम उशीखाली होतं. बेल वाजल्याबरोबर मीच ते तिथे सरकवलं होतं, मला पत्ताही नव्हता.

"लपवलंत का?"

"सवय आहे."

"कुणाची?"

"शिकवणाऱ्या सिस्टरची." शेवटी निघालंच तोंडातून. "कुणी आलं की विणकाम मांडीखाली घालायचं, अशी त्यांची शिस्त होती."

"मोठी सिस्टर आली की?"

"कुणीही. पोस्टमन आला तरी. हा गुलाब करताना बाहेरच्याने बघायचं नाही. बाकीचं विणकाम उघड्यावर चालायचं."

"त्यांचं नाव?"

"सिस्टर कोलंबा."

हॅनलीने समोरचा चहा उचलला आणि संपवला. तो केव्हाच गार झाला होता. नंतर त्याने मला सांगितलं की नाव तो कुणालाच आधी सांगत नसे. साहेबाने नाव घेतलं असतं तर अर्ध्या हिंदुस्तानाला सिस्टर कोलंबा आठवली असती. शिवाय त्या नावाच्या नन्स काही थोड्या नव्हत्या. गुलाबही कुणी बघून उचलला असता. पण लपवणं कोण उचलणार?

त्याची आजी आणि तिच्या गावातल्या बायका हे क्रोशाचं काम करून पोट भरायच्या. आजीच्याही आजीच्या काळात त्यांच्याकडे मोठा दुष्काळ पडला, बटाटा कुजला, माणसं मेली, उरलेली बोटीत बसली. मागे राहिलेल्या बायकांच्या हातात नन्सनी सुई दिली. प्रत्येक घराचं आपलं एक फूल. शेजारीण दारात दिसली की आधी फूल पदराखाली, मग ये बस. कारण फूल चोरीला गेलं की घराची भाकरी गेली.

"आमच्या घरात माणसांपेक्षा पत्रं जास्त होती," तो म्हणाला. एक काका लंडनच्या जमिनीखाली बोगदे खणत होता, एक बोस्टनमध्ये पोलीस, भाऊ ऑस्ट्रेलियात मेंढ्या कातरायला. जगात जिथे खड्डा खणायचा असेल तिथे त्यांच्या गावचा एकजण आधीच उभा असायचा आणि पुढच्याला कामावर लावायचा. मला साळवीचा कुवेतवाला माणूस आठवला. म्हणजे हा साळवीला ते सगळं हौसेनेच विचारत होता तर. प्रभाकर पेपर घडी करून ऐकत होते.

त्यांच्याकडे माणूस परदेशी निघाला की आदल्या रात्री सगळं गाव त्याच्या घरी जमायचं, मयताला जमतात तसं. रडायचे, गायचे, तीनदा नको म्हणून चहा प्यायचे. फरक एवढाच, की मयत स्वतः सगळ्यांना चहा देत फिरायचं. हॅनलीची मावशी नोरा एकोणीस वर्षांची असताना अशीच निघाली, नन होऊन, सिस्टर कोलंबा हे नवं नाव घेऊन, हिंदुस्तानात. तेव्हा गेलेल्या नन्स परत येत नसत. तिला जायचं नव्हतं. पण घरात एक मुलगी नन झाली की घराला मान, आणि एक तोंड कमी. आजीने ठरवलं. त्या रात्री नोराने सगळ्यांना चहा दिला, आपल्या आईला दिला नाही. हॅनलीची आई तेव्हा लहान होती, कोपऱ्यातून बघत होती. आता ती ऐंशीच्या पुढे गेली होती आणि मरण्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती. नोरा आमच्यावर शेवटपर्यंत रागावलेली होती का?

"मी चौकशी केली. कळलं की ती अत्यंत आनंदी होती. प्रार्थनेत रमली होती," हॅनली म्हणाला. "सगळ्यांच्याच घरी असं कळवतात. कामगार गेला की मीही तसंच कळवतो. तुम्ही मला खरं सांगा. खोटं बोललात तर मला कळेल."

"तुम्हाला काही कळत नाही," मी म्हटलं. "तुम्हाला नुसते संशय येतात."

तो पहिल्यांदा हसला. मग मी आठवेल ते सांगत गेले. सिस्टर कोलंबा भयंकर तापट. टाका चुकला तर सगळं उसवायला लावायच्या, पट्टीने बोटावर मारायच्या. पण स्वयंपाकघराच्या मागे आमच्याबरोबर चिंच-मीठ खायच्या, तोंड वेडंवाकडं करायच्या आणि मग इतकं हसायच्या की चष्मा काढून डोळे पुसायला लागायचे. तुमचं घर कुठे, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, कोण विचारतंय?"

हॅनलीने हाताने तोंड झाकलं. तो हसत होता की रडत होता ते मला कळलं नाही.

"रागावलेल्या होत्या का, ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "घराबद्दल कधी बोलल्या नाहीत. हा गुलाब मात्र सगळ्या वर्गाला शिकवला नाही. आम्हा मोजक्या मुलींनाच. आणि म्हणाल्या, हे फक्त घरातल्या मुलीला शिकवायचं. तुला मुलगी झाली की तिला." मी मुग्धाच्या खोलीकडे बघितलं. ती कधी शिकली नाही. आई, आय डोन्ट हॅव टाइम.

"घरातल्या मुलीला," हॅनली हळूच म्हणाला. "आजी हेच म्हणायची."

जगवरचं झाकण तो सुट्टीला जाताना घेऊन गेला. मी दिलं, पण परत आणा असं बजावून दिलं. ते परत आलं नाही. तो आला तेव्हा स्टोअर्समध्ये माझ्या टेबलापाशी उभा राहिला आणि मी न विचारताच बोलू लागला. त्याच्या बाबतीत हे नवलच होतं. आईने झाकण हातात घेतलं, उलटं केलं, शेवटच्या रांगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मणी आपले नाहीत." मग त्याने तिला सगळं सांगितलं. हसणं, चिंच, पट्टी. शेवटी त्याने बेल वाजल्याचं, उशीखाली सरकवल्याचं सांगितलं.

"लपवायला शिकवलं?" म्हातारी म्हणाली. "परक्या मुलींना?"

"हो."

"मग ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर आईचं फूल चव्हाट्यावर बसून साऱ्या गावाला शिकवलं असतं."

तेवढ्यात शेजारीण आली, आणि म्हातारीने झाकण गोधडीखाली सरकवलं. त्याच हिवाळ्यात ती गेली. झाकण तिच्याबरोबर गेलं.

मला अजून कधी कधी वाटतं, त्या दोन कोलंबा वेगळ्याही असतील. तशी खोड एखाद्या दुसऱ्या ननलाही असू शकते. पण हे मी हॅनलीला कधी म्हटलं नाही. त्याच्याही मनात ते आलं नसेल असं नाही.

पुढे त्याने मला विचारलं, "मला शिकवाल?" त्याला ना बहीण, ना मुलगी. आईनंतर ते फूल त्याच्या घरात कुणाला येत नव्हतं. मग जेवणाच्या सुट्टीत, बेअरिंगच्या रॅकमागे, मी त्याला शिकवू लागले. त्या हातात सुई म्हणजे सुतळीच्या गोणीत काडी. चुकला की मी उसवायला लावायची, आणि तो निमूट उसवायचा. पाऊल वाजलं की आम्ही दोघंही दोरा लपवून गप्प बसायचो. साहजिकच यार्डभर कुजबुज सुरू झाली. फर्नांडिस माझ्याशी नीट बोलेना. हे प्रभाकरांच्या कानावर आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्याला सांग, शेवटची रांग उलटी." इतकं बघून बघून त्यांनाही पाठ झालं होतं.

दोन हजार सालानंतर कंपनी विकली गेली आणि हॅनली निघाला. मायदेशी जातोय की आणखी कुठे, विचारलं तर नेहमीचंच उत्तर. निरोप समारंभ त्याने होऊ दिला नाही. पण साळवी ऐकेना. "माणूस जाताना सोडूक कोणतरी व्हया, मॅडम." म्हणून मी आणि साळवी विमानतळावर गेलो. साळवीने थर्मास आणला होता. त्याने कप पुढे केला.

हॅनलीने कपाकडे बघितलं. "का? काय झालं?"

"कुछ नहीं हुआ, साब," साळवी म्हणाला. "आप जा रहे हो ना."

त्याने कप लगेच घेतला, नको म्हटलंच नाही. चहा पिऊन झाल्यावर त्याने थर्मास साळवीच्या हातातून घेतला, आधी मला आणि मग साळवीला स्वतः कप भरून दिला. मी उगाचच पार्किंगची वेळ संपत आली म्हणाले. तो "बाय" म्हणाला, मग पुन्हा म्हणाला, आम्ही वळलो तरी म्हणतच होता.

दारापाशी पोचल्यावर मी मागे बघितलं. तो एका बाकावर बसला होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून. हातात पांढरा दोरा होता, सुई वर-खाली होत होती. एक बाई ट्रॉली ढकलत आली आणि त्याच्या शेजारी बसली. हॅनलीने तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि विणकाम कोटाच्या आत सरकवलं.